विवाह व कुटुंब थेरपिस्टचा परवाना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी भारतात मानसशास्त्रात एम. ए. केले असून लग्नानंतर कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आहे. विवाह व कुटुंब थेरपिस्ट होण्यासाठी माझी पदवी येथे ग्राह्य धरली जाईल का? दरम्यान एका समुपदेशन केंद्रात विनावेतन काम करून अनुभवाचे तास जमवायला सुरुवात करू का?

उत्तर : तासांची घाई कृपया करू नका. अमेरिकेत हा परवाना केंद्र सरकार नव्हे, तर प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने देते. कॅलिफोर्नियाने १९६३ साली असा कायदा सर्वप्रथम केला आणि २००९ पर्यंत पन्नासही राज्यांत तो झाला. मात्र अटी सर्वत्र सारख्या नाहीत. आपल्या राज्यात हे काम ‘बोर्ड ऑफ बिहेव्हियरल सायन्सेस’ पाहते. परदेशी पदवी असल्यास मूल्यमापन संस्थेचा अहवाल द्यावा लागतो आणि ती पदवी येथील पदव्युत्तर अभ्यासक्रमाशी समकक्ष आहे का, हे बोर्ड तपासते. येथील अभ्यासक्रम ६० सेमिस्टर युनिटांचा असून त्यात कॅलिफोर्नियाचा कायदा, व्यावसायिक नीती आणि अशिलांसोबतचे (म्हणजे समुपदेशन घेणाऱ्यांसोबतचे) प्रत्यक्ष प्रशिक्षण यांचा समावेश असतो. दोन वर्षांच्या एम. ए.मध्ये हे सारे सहसा नसते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की अहवालात मोठी तफावत दिसली तर उणिवा एकेक करून भरत बसण्यापेक्षा येथील मान्य अभ्यासक्रमाला प्रवेश घेणे बहुधा सोपे पडेल.

आता तासांविषयी. किमान १०४ आठवड्यांत पसरलेले ३,००० पर्यवेक्षित तास लागतात. त्यांपैकी किमान १,७५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे आणि त्यांतले ५०० जोडपी, कुटुंबे किंवा मुले यांच्यासोबतचे असावे लागतात. पदवीनंतरचे तास ‘असोसिएट’ (परवाना मिळण्यापूर्वी देखरेखीखाली काम करणारा थेरपिस्ट) म्हणून नोंदणी क्रमांक मिळाल्यावरच धरले जातात. याला एक सवलत आहे : पदवी मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज बोर्डाकडे पोहोचला, तर मधल्या काळातील तासही ग्राह्य धरले जातात, परंतु त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वीच संस्थेने आपले बोटांचे ठसे तपासून घेतलेले असणे आवश्यक असते आणि हे तास खासगी प्रॅक्टिसमधले चालत नाहीत. नोंदणीशिवाय आज आपण त्या केंद्रात वर्षभर मन लावून काम केले, तरी त्यातला एकही तास मोजला जाणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटेल. नवा अभ्यासक्रम सुरू केल्यास मात्र ठरावीक युनिटे पूर्ण झाल्यावर पदवीपूर्वीचे १,३०० पर्यंत तास धरता येतात. पुढे असोसिएट झाल्यावर पगारी कर्मचारी किंवा स्वयंसेवक म्हणूनच काम करा. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून केलेले काम धरले जात नाही, आणि ही चूक पुष्कळदा अगदी शेवटी, अर्जाच्या छाननीत उघडकीस येते. दर आठवड्याच्या पर्यवेक्षणाची नोंद त्याच आठवड्यात सुपरव्हायझरच्या सहीने पूर्ण करून ठेवावी, कारण ते नोकरी सोडून गेले की जुन्या सह्या मिळवणे फार कठीण होते.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियाची परवानाधारक थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे एक जोडपे न्यूयॉर्कला राहायला गेले आहे. व्हिडिओवर सत्रे पुढे चालू ठेवू का?

उत्तर : नाही. सत्राच्या वेळी अशील ज्या राज्यात बसलेले असते, त्या राज्याचा कायदा लागू होतो. आपण कोठून बोलत आहात याने हा प्रश्न सुटत नाही. न्यूयॉर्कच्या परवान्यासाठी तेथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तेथे पर्यवेक्षित अनुभवाची अट १,५०० तासांची आहे, त्यामुळे आपले ३,००० तास पुरेसे वाटतील, परंतु अडचण परीक्षेची येऊ शकते : बहुतेक राज्ये राष्ट्रीय परीक्षा घेतात आणि कॅलिफोर्नियाने वर्षानुवर्षे स्वतःची वेगळी परीक्षा घेतली आहे. आपण कोणती परीक्षा दिली होती, ते आधी पाहा.

तोवर त्या जोडप्याला अधांतरी सोडू नका. तेथील परवानाधारक थेरपिस्ट शोधण्यास त्यांना मदत करा आणि नोंदी पाठवण्यापूर्वी पती व पत्नी अशा दोघांचीही स्वतंत्र लेखी संमती घ्या. एकट्याची सही पुरत नाही.