साईट की ऑफिस? साखळीच्या एका वडिलांना उत्तर

साखळीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून सिव्हिल झाली. हातात दोन नोकऱ्या आहेत. एक पणजीत स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ड्रॉइंगची, दुसरी पेडणे तालुक्यात समुद्राजवळ चाललेल्या हॉटेलच्या बांधकामावर साईट इंजिनिअरची. मुलीचा ओढा साईटकडे. वडील लिहितात, ‘एवढं शिकून उन्हातान्हात मुकादमाशी हुज्जत कशाला? दोन वर्षं ऑफिसात बसेल, तोवर साबांखाची (सार्वजनिक बांधकाम खात्याची) जाहिरात येईलच.’

नमस्कार. काळजी रास्त आहे, पण माझं मत तुमच्या लेकीच्या बाजूनं पडतंय.

आधी साबांखाचंच बघू. कनिष्ठ अभियंता म्हणजे पंख्याखालची खुर्ची असं आपल्याकडे अजून समजतात. प्रत्यक्षात त्याला कामावर जाऊन टेप लावावी लागते, मोजमाप वहीत नोंद करावी लागते आणि त्या नोंदीवर ठेकेदाराचं बिल निघतं. सही तुमच्या मुलीची असणार. समोर वीस वर्षं साईटवर मुरलेला ठेकेदाराचा माणूस असतो, नव्या मॅडमना काय कळतं आणि काय नाही हे तो पहिल्याच भेटीत ओळखतो. त्या खुर्चीची तयारी नुसत्या ऑटोकॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढून, होत नाही.

ऑफिसातलं काम हलकं आहे असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. डिझाइन, टेंडर, क्वांटिटी, प्लॅनिंग ही डोक्याची कामं आहेत आणि पुढे जबाबदारीही तिथेच वाढते. माझा मुद्दा क्रमाचा आहे. बीम-कॉलमचा जोड घ्या. कागदावर सळई म्हणजे एक रेघ, कितीही रेघा एकमेकींवरून नेल्या तरी अडत नाही. साईटवर त्याच जागी कॉलमच्या उभ्या सळया, दोन दिशांनी आलेल्या बीमच्या सळया, वर रिंगा. काँक्रीट हलवून दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल आत जातच नाही. काँक्रीट वरून भरल्यासारखं दिसतं आणि शटरिंग खोललं की खाली हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या. हे ज्या मुलीनं एकदा डोळ्यांनी पाहिलं, ती पुढे ड्रॉइंग काढताना सळयांमध्ये जागा सोडते.

कव्हरचंही तसंच. कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या राहणाऱ्या आरसीसीला आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक तीव्र श्रेणीत धरतं: किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट, ४५ मिलिमीटर कव्हर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ती एक ओळ असते. साईटवर सळया बांधणाऱ्या फिटरकडे कव्हर राखायला सळईखाली ठेवायचे, मागच्या कामावरचे २५ मिलिमीटरचे ब्लॉक उरलेले असतात आणि स्लॅब संध्याकाळी भरायचा असतो. तेव्हा ‘थांबा, ब्लॉक बदला’ म्हणणं, तेही मोडक्यातोडक्या हिंदीत, कारण साईटवर कोकणी-मराठी फारशी चालत नाही, हेच खरं शिक्षण. तुम्ही ज्याला हुज्जत म्हणता ती हीच.

उलटा क्रम जमत नाही असं नाही, पण जड जातो. पाच वर्षं ऑफिसात काढलेल्याला साईटवर नवखा म्हणून उभं राहणं नको वाटतं आणि त्या पगारात नवखा ठेवायला ठेकेदारही तयार नसतो. साईटवरून ऑफिसात येणाऱ्याला मात्र कन्सल्टंट आनंदानं घेतात. अपवाद एकच. तिला खरोखर अॅनालिसिसची, म्हणजे इमारतीवरच्या भारांच्या गणिताची गोडी असेल, स्ट्रक्चरमध्ये एम.टेक.ची तयारी चालू असेल, तर पणजी घ्यावी आणि चालू कामांच्या भेटी मागून घ्याव्यात.

आता तुमच्या पत्रात नसलेली, पण मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. स्लॅब भरणं एकदा सुरू झालं की मध्येच सोडून घरी येता येत नाही, रात्रीचे दहा वाजू शकतात. त्या वेळी पेडण्याहून साखळीला बस कुठली? म्हणून होकार देण्याआधी स्पष्ट विचारा: रात्री सोडायला गाडी आहे का, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, साईटवर आणखी कोणी स्त्री इंजिनिअर आहे का, आणि हिच्यावर सीनिअर कोण. उत्तरं गोलमाल आली तर साईटच बदला, साईटचा विचार सोडू नका. एखाद्या मोठ्या कामावरच्या क्वालिटी लॅबमध्येही सुरुवात चांगली होते. स्लंप घ्यायचा, म्हणजे ओलं काँक्रीट किती बसतं ते मोजायचं, ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब भरायचे, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचे. वेळा थोड्या बऱ्या आणि काँक्रीट हाताला लागतं.

रुजू होण्याची तारीखही बघा. जूनमध्ये पाऊस धरला की आपल्याकडे पायाची खोदाई थांबते, नव्या माणसाला केबिनमध्ये बिलं तपासायला बसवतात. पाया झाला असेल तर लगेच जावं, नसेल तर ऑक्टोबर मागावा आणि मधल्या महिन्यांत सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास उरकावा. सरकारी पदांना कोकणीचं ज्ञान आवश्यक धरतात, त्याकडेही आताच लक्ष द्या. घरी मराठी आणि बाजारात कोकणी एवढ्यावर विसंबू नका.

पणजीच्या कन्सल्टंटना नकार फोनवर नको, तिनं स्वतः जाऊन द्यावा आणि दीड-दोन वर्षांनी यायची इच्छा आहे हेही सांगून ठेवावं. गोव्यात या क्षेत्रातली माणसं मोजकी, गाठ पुन्हा पडतेच.