गांडुळं विकत आणून शेतात सोडण्याआधी

आधी आहेत किती ते मोजा. माती ओलसर असताना ३० सें.मी. लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या, माती गोणपाटावर पसरून हाताने फोडा. चार-पाच जागा तरी बघा. एका खड्ड्यावरून काही ठरवू नका. भर उन्हाळ्यात आकडा फसवा येतो, कारण बरीच गांडुळं तेव्हा खोलवर वेटोळं करून पडलेली असतात.

गांडूळखतासाठी विकली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात कुजणाऱ्या थरात राहणारी. ती खोल बिळं करत नाही, त्यामुळे उघड्या शेतात सहसा टिकत नाही. जमीन पोखरणारी गांडुळं वेगळी. त्यांच्या अंगात हाडं नाहीत, द्रव असतो. अंगाभोवती गोल असलेले स्नायू आवळले की शरीर बारीक, लांब होऊन पुढे घुसतं; लांबीच्या दिशेचे स्नायू आवळले की जाड होऊन माती बाजूला रेटतं. बारीक राठ केस भिंतीला रुततात, म्हणून मागे घसरत नाही. माती घट्ट असली तर ती खात खात वाट काढतात. याच बिळांतून पाणी मुरतं, मुळं खाली उतरतात.

गांडुळांचा श्वास कातडीतून, कातडी सुकली की गांडुळं गुदमरलीच. म्हणून पाचटाचं किंवा पालापाचोळ्याचं ५ ते ७ सें.मी. आच्छादन ठेवा. नांगरट कमी करा (वारंवार रोटाव्हेटर म्हणजे बिळांचा सत्यानाश). तांबंयुक्त बुरशीनाशकं जपून वापरा, तांबं मातीत साठत जातं. मूळची गांडुळं मग आपोआप वाढतात, पण एका हंगामात नाही. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तेवढ्याच ओलीवर पुन्हा मोजा.