जुन्या गाडीत अल्टरनेटर सरकवणे आणि पत्रा कापणे : कायदा कुठे आड येतो?

प्रश्न : वडिलांनी जपलेली १९६६ सालची, एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी जीटी ही गाडी गेल्या वर्षी त्यांच्या निधनानंतर माझ्याकडे आली. घरात आई आणि एक बहीण आहे. आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे. डिचोलीहून पणजीला रोज गाडी नेता यावी म्हणून एसी बसवण्याचे काम एका गॅरेजला दिले. इंजिनावर फिरून वीज तयार करणारा जुना डायनामो काढून त्याजागी त्याच कामाचा अल्टरनेटर घालणे, तो थोडा खाली सरकवून वरच्या मोकळ्या जागेत एसीचा कॉम्प्रेसर बसवणे आणि मागच्या दोन बॅटऱ्यांऐवजी एक बॅटरी घालणे, असे १ लाख ८५ हजारांचे कोटेशन व्हॉट्सॲपवर ठरले. त्यापैकी १ लाख मी दिले आहेत. अल्टरनेटरचे आणि बॅटरीचे काम झाले. आता गॅरेजवाले म्हणतात की कॉम्प्रेसर बसत नाही, आतल्या मडगार्डचा पत्रा कापून तिथे ब्रॅकेट वेल्ड करावे लागेल आणि त्याचे ९० हजार वेगळे पडतील. नाहीतर सरळ जपानी इंजिन टाकू. मी नकार दिल्यावर ते जागेचे भाडे मागत आहेत आणि गाडी सोडत नाहीत. पुढे ही गाडी विंटेज म्हणून नोंदवण्याचाही विचार आहे. मी काय करावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपण काम वेळीच थांबवलेत, हे फार महत्त्वाचे झाले. आपण पाठवलेल्या छायाचित्रात बॉनेट उघडे आहे आणि उजव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर मेकॅनिकने खडूने एक चौकोन आखलेला दिसतो. त्या चौकोनाची खालची रेघ पत्र्याच्या जोडावरून गेली आहे. आजवर जे काम झाले ते कायद्याच्या चौकटीत बसते. त्या रेघेवर ग्राइंडर चालला असता तर बसले नसते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल. याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने वाहनाचे मूलभूत स्वरूप बदलते, असे म्हटले आहे. आपले आरसी पुस्तक समोर ठेवून पाहा. त्यात इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, सिलिंडरांची संख्या, घनक्षमता, इंधन, बॉडीचा प्रकार, आसने, चाकांमधले अंतर, रिकाम्या गाडीचे वजन आणि रंग यांच्या नोंदी असतात. डायनामो कुठे आहे, वीज डायनामो तयार करतो की अल्टरनेटर, बॅटऱ्या किती आहेत, यांची नोंद त्यात नसते. म्हणून इंजिनाच्या मूळ ब्लॉकवरच्या मूळ छिद्रांत बोल्टने बसवलेले ब्रॅकेट घेऊन अल्टरनेटर चार बोटे खाली सरकवला, तर कलम ५२ चा भंग होतो असे मला वाटत नाही. त्यातही १९६७ च्या अखेरीपासून खुद्द उत्पादकानेच या मॉडेलला डायनामोऐवजी अल्टरनेटर दिला होता, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. बॅटरीचेही तसेच आहे, कारण सीटमागच्या दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांपैकी एकीच्याच पेटीत १२ व्होल्टची बॅटरी बसते आणि त्यासाठी काही कापावे लागत नाही. वजनाची नोंद मात्र आरसीत असते. म्हणून कॉम्प्रेसर, कंडेन्सर असे सगळे बसल्यावर गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन पावती जपून ठेवावी.

‘आम्ही चेसिसला हातच लावत नाही, नुसता मडगार्डचा पत्रा कापतो,’ असे गॅरेजवाल्यांनी आपल्याला सांगितले आहे. जीप किंवा ट्रकसारख्या, वेगळी चेसिस असलेल्या वाहनाबद्दल हे म्हणणे निदान ऐकून घेण्यासारखे असते. आपल्या गाडीला वेगळी चेसिस नाहीच. याच कंपनीच्या आधीच्या एमजीए या मॉडेलला स्वतंत्र चेसिस होती. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीची बॉडी आणि चेसिस हा एकच सांगाडा आहे. पुढच्या चाकांचा, सस्पेन्शनचा आणि इंजिनाचा भार याच आतल्या पत्र्यांतून आणि त्यांच्या जोडांतून सगळ्या गाडीत वाटला जातो. तो पत्रा कापून त्यावर बेल्टच्या ताणाखाली सतत थरथरणारे ब्रॅकेट वेल्ड करणे, हा माझ्या मते रचनेतलाच फेरफार आहे आणि वाहन निरीक्षकानेही तसेच मानले, तर त्याला दोष देता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात कलम ५२ चा अर्थ कडक लावला आहे : उत्पादकाने ठरवलेल्या ज्या तपशिलाची नोंदणी प्रमाणपत्रात नोंद होते, तो तपशील मालकाला आपल्या मर्जीने बदलता येत नाही आणि राज्यांच्या नियमांचा आधार घेऊनही यातून सुटका नाही.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या पोटकलम ४ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवा, आणि हे कलम मालकाला उद्देशून आहे हेही. ग्राइंडर गॅरेजवाल्याने चालवला असला, तरी उत्तर द्यावे लागेल ते आपल्याला. याशिवाय, वाहन रस्त्यावर धोकादायक ठरते असे वाटल्यास कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार नोंदणी प्राधिकरणाला आहे.

जपानी इंजिनाचा विचार सोडून द्या. १७९८ सीसीच्या मूळ इंजिनाऐवजी वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन घातले की आरसीतल्या निदान दोन नोंदी चुकीच्या ठरतात आणि गाडीचे ऐतिहासिक मोलही जाते.

विंटेज नोंदणीबाबत आपल्याला एक निवड करावी लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये घातलेल्या नियम ८१-अ ते ८१-ग प्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती न झालेल्या गाडीला अशी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. वयाच्या निकषात आपली गाडी सहज बसते. परंतु अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. डिचोलीहून पणजीला रोज जायचे असेल तर विंटेज नोंदणी आपल्या कामाची नाही, आणि विंटेज नोंदणी हवी असेल तर एसीचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उरतो. माझे मत विचाराल तर तूर्त नेहमीचीच नोंदणी ठेवा, तिचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ भरून करून घेत जा, आणि जे काही बसवाल ते सगळे बोल्ट काढून पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल असेच बसवा. डायनामो, त्याचे ब्रॅकेट, जुने रेग्युलेटर आणि बॅटरीच्या पट्ट्या गॅरेजमधून परत मागून घ्या. त्या भंगारात जाऊ देऊ नका. उद्या विंटेज नोंदणीच्या तपासणी समितीपुढे गाडी मूळ रूपात उभी करायची झाली, तर याच वस्तूंची गरज लागेल.

आता मालकीचा विषय. कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो मालक, आणि ते नाव अजून वडिलांचे आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५० आणि केंद्रीय नियम ५६ यांप्रमाणे मृत्यूची माहिती ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. मुदत उलटली असली तरी विलंबाची रक्कम भरून अर्ज करता येतो. गोव्यात याला आणखी एक बाजू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते; म्हणजे या गाडीत अर्धा हिस्सा आपल्या आईंचा स्वतःचा आहे आणि वडिलांच्या उरलेल्या अर्ध्यात आपण आणि आपली बहीण दोघेही येता. विशेष नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते नोंदवणारा दस्त) करून घ्या आणि गाडी आपल्या नावावर करण्यास आई व बहीण यांची लेखी ना हरकत घ्या. घरात कितीही एकोपा असला, तरी सामाईक वस्तूच्या रूपात कायमचा फरक पाडण्यापूर्वी त्यांची संमती असायलाच हवी. विम्याकडेही लगेच पाहा. मोटार पॉलिसीच्या प्रचलित अटींनुसार मृत व्यक्तीच्या नावावरची पॉलिसी वारसाला तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच उपयोगी पडते. निधन गेल्या वर्षीचे आहे, म्हणजे गाडी गॅरेजमधून चालवत बाहेर काढण्यापूर्वी आपल्या नावावर विमा हवा; नसेल तर ती टोइंगच्या वाहनावरून आणा. नवा विमा घेताना अल्टरनेटर, बॅटरी आणि एसी यांची माहिती लेखी द्या. वायरिंगमुळे आग लागली तर विमा कंपनी सर्वांत आधी हीच माहिती विचारील.

गॅरेजवाले गाडी अडवून ठेवू शकतात का, या प्रश्नाचे उत्तर अंशतः हो असे आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ताब्यात दिलेल्या वस्तूवर कौशल्याचे काम करणाऱ्याला, ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. हा हक्क झालेल्या आणि ठरलेल्या कामापुरताच आहे. न झालेल्या वेल्डिंगच्या ९० हजारांसाठी किंवा आधी न ठरलेल्या जागाभाड्यासाठी तो वापरता येत नाही. कोटेशनमध्ये अल्टरनेटर आणि बॅटरीचे आकडे वेगळे दिले असतील, तर त्यांची बेरीज करा. ती १ लाखाच्या आत असेल तर आपल्याकडे काहीच बाकी नाही. थोडी वर असेल तर तेवढी रक्कम ‘हरकत राखून’ असे लिहून बँकेमार्फत भरा, म्हणजे गाडी अडवण्याचा आधारच उरणार नाही. त्यानंतर वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस द्या. गाडी आणि काढलेले मूळ भाग परत करावेत, आणि आपल्या लेखी परवानगीशिवाय कोणताही पत्रा कापू नये वा वेल्ड करू नये, हे नोटिशीत स्पष्ट शब्दांत असावे. गाडी ताब्यात आहे तोवर तिची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी कलम १५१ नुसार त्यांच्यावरच आहे.

तरीही गाडी मिळाली नाही, तर पर्वरी येथील उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल. गाडी स्वतःच्या वापरासाठी असल्यामुळे आपण ग्राहक ठरता. सेवेचे मूल्य ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मूळ तक्रारीबरोबरच ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्यावा, कारण निकाल लागेपर्यंत गाडी गॅरेजच्या अंगणात पावसात उभी राहणे परवडणारे नाही. व्हॉट्सॲपवरचे कोटेशन हा आपला मुख्य पुरावा आहे; म्हणून तो फोन बदलू नका, संभाषण पुसू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या.

नोटीस पाठवण्याआधी एकदा गॅरेजमध्ये जा आणि आतल्या पत्र्याची, खडूच्या त्या चौकोनाची आणि चेसिस क्रमांकाच्या पट्टीची तारखेसह स्पष्ट छायाचित्रे काढा. शक्य असेल तर मोटार सर्वेक्षकाला सोबत नेऊन, पत्रा आज अखंड आहे असा त्याचा लेखी अहवाल घ्या.