सहा तलंगांपैकी अंड्यावर नेमकी कोण आली, हे कसं ओळखायचं?

तुमच्या सहाही तलंगा, म्हणजे नुकत्याच अंडी घालायच्या वयात आलेल्या कोंबड्या, साडेपाच महिन्यांच्या, दिसायला जवळपास सारख्या. गेल्या चार दिवसांत खुराड्यात तीन लहान तांबूस अंडी सापडली आणि ती कोणाची ते कळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. आधी एकच सांगते, जी सगळ्यात जास्त ओरडते तिच्यावर जाऊ नका. एकीनं अंडं घातलं की बाकीच्याही तिच्या सुरात सूर मिसळून कोकलतात. कधी कधी तर जिनं घातलं ती गुपचूप दाणे टिपायला निघून जाते आणि गोंगाट दुसरीच करत बसते.

माझ्या पाच तलंगांच्या वेळी मी असंच धरून चालले होते. एकीचा तुरा लालभडक, दिवसभर आवाज, अंड्याच्या खोक्यात सारखी ये-जा. मला खात्रीच होती की हीच. तिसऱ्या दिवशी रात्री तिला उचलून चाचपलं, तर अंड्याची काही चिन्हंच नव्हती. आणि जी सगळ्यांचे टोचे खाऊन कोपऱ्यात उभी राहायची, त्या करड्या तलंगेकडे मी बघितलंही नव्हतं. अंडी तिचीच निघाली.

म्हणून माझा भरवसा हाडांवर. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की त्या शांत असतात, तेव्हा एकेकीला हळूच काखेत घ्या, डोकं मागच्या बाजूला. शेपटीखाली, जिथून अंडं बाहेर येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक टोकदार हाडं हाताला लागतात. अंड्यावर न आलेल्या तलंगेची ही हाडं जवळजवळ आणि ताठ असतात, मध्ये जेमतेम एक बोट मावतं. अंडी घालायला लागलेलीची हाडं फाकतात, लवचिक होतात, दोन बोटं सहज बसतात, पुढे तीनही. बोटं आडवी ठेवून मोजा, दाबू नका, कारण आत अंडं असेल तर ते फुटू शकतं आणि तसं झालं तर कोंबडीच्या जिवावर बेततं.

टॉर्च असेल तर त्याच वेळी ती जागाही बघून घ्या. न घालणारीची लहान, गोल, कोरडी, चुण्या पडलेली असते. घालणारीची मोठी, लांबट, ओलसर आणि फिकी. पिवळ्या कातडीच्या जातींमध्ये अंडी सुरू झाली की अंगातला पिवळा रंग उतरायला लागतो, आणि तो सगळ्यात आधी इथूनच जातो. मग डोळ्याभोवतीची कड, नंतर चोच, पाय सगळ्यात शेवटी. तेव्हा पाय पिवळेधमक दिसले म्हणून कोणाला यादीतून काढू नका, तीनच अंडी झाली असतील तर पायांपर्यंत फरक पोचलेलाच नसतो.

तुरा लाल होणं आणि तुम्ही पाठीवर हात नेला की पंख थोडे फाकवून जमिनीला चिकटून बसणं, ही दोन्ही लक्षणं खरी आहेत. पण ती पहिल्या अंड्याच्या काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे आधीपासून दिसतात. त्यावरून कोणाची वेळ जवळ आली ते कळतं, कोणी घातलं ते नाही.

हाडांवरून दोघी-तिघी संशयात राहिल्या तर रंग वापरा. खाण्याचा घट्ट रंग बोटाच्या टोकावर घेऊन रात्री त्या जागेच्या कडेला आतून लावायचा, एकीला हिरवा, दुसरीला निळा. सकाळी अंड्यावर ज्या रंगाचा फराटा, तिचं अंडं. लाल मात्र अजिबात नको. तिथे लाल दिसलं की बाकीच्या टोचायला लागतात, आणि एकदा रक्त निघालं की त्या थांबत नाहीत. रंग एक-दोन दिवसांतच पुसट होतो, अंडं नाही मिळालं तर पुन्हा लावा.

एकेकीला वेगळं कोंडून बघण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. मी तो देणार नाही. नव्यानं अंड्यावर आलेली तलंग जागा बदलली की बावरते, अंडं पुढे ढकलते किंवा काही दिवस घालतच नाही, आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढता. त्यापेक्षा सुटीच्या दिवशी सकाळी खुराड्याजवळ बसा. बहुतेक अंडी दुपारच्या आत पडतात. माझी करडी मी अशीच पाहिली. बराच वेळ चोचीनं पेंढा ओढून स्वतःच्या पाठीवर टाकत होती, मग अर्धवट उभी राहिली, पिसं फुलली, शेपूट खाली गेली, आणि अंडं पेंढ्यात पडलं. ओलं, चकचकीत. बघता बघता ते वाळलं आणि कवचाची चमक गेली. मला तेव्हा फार आनंद झाला होता.

अंडी जपून ठेवा, शेजारी शेजारी मांडून बघा. एका कोंबडीच्या अंड्याचा आकार, टोक, रंगाची छटा बरीचशी ठरलेली असते. एक अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात, म्हणून एकाच दिवशी दोन चांगली अंडी मिळाली तर दुसरीही सुरू झाली असं धरायला हरकत नाही. सुरुवातीची अंडी मऊ कवचाची, बिनबलकाची किंवा रक्ताची बारीक रेघ असलेली निघतात, त्यानं घाबरू नका. पण एखादी शेपूट पाडून, पिसं फुलवून तासन्‌तास कण्हत बसली आणि अंडं येत नसेल, तर लगेच पशुवैद्याला दाखवा.

आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायला आजच सुरुवात करा, खाद्यात मिसळू नका. अंडी घालणारीला कवचासाठी चुना लागतो, ती आपणहून खाईल. बाकीच्या पाच जणींना तेवढा चुना आताच जबरदस्तीनं पोटात गेला तर मूत्रपिंडांना त्रास होतो.