दहशतवादी धोक्याची पातळी वाढली की दूतावासात नेमकं काय बदलतं?

धोक्याची पातळी वाढल्याची बातमी येते, तरी दुसऱ्या दिवशी दूतावास उघडाच दिसतो. मग आत बदलतं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. भिंती त्याच राहतात. कमी होतात ती आत-बाहेर करणारी माणसं, गाड्या आणि कागद.

आधी एक घोळ मिटवू. ब्रिटनमध्ये जाहीर होणारी पाच टप्प्यांची पातळी ('लो'पासून 'क्रिटिकल'पर्यंत) ही ब्रिटनच्या भूमीवरच्या धोक्याची असते. तिथले परदेशी दूतावास तिच्याकडे लक्ष ठेवतात, पण निर्णय आपल्या राजधानीशी बोलून घेतात. आणि तो निर्णय ठरतो माहिती किती नेमकी आहे यावर. नुसतं 'धोका वाढलाय' असेल तर तपासणी कडक होते. दिवस किंवा ठिकाण कळलं तर कुलूप लागतं. ऑगस्ट २०१३ मध्ये अल-कायदाच्या येमेनमधल्या शाखेकडून एका रविवारच्या सुमारास हल्ल्याची खबर होती, पण नेमकं कुठे ते कळलेलं नव्हतं. अमेरिकेने रविवार, ४ ऑगस्टला पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतली वीसेक कार्यालयं एकदम बंद ठेवली. ही कार्यालयं एरवी रविवारी उघडी असायची.

पहिली हालचाल म्हणजे बैठक. अमेरिकी दूतावासात यासाठी आणीबाणी कृती समिती असते. राजदूताचा उपप्रमुख सहसा ती चालवतो. सुरक्षा अधिकारी, कॉन्सुलर विभाग (व्हिसा आणि नागरिकांची कामं बघणारा), प्रशासन, संरक्षण अधिकारी, डॉक्टर असे लोक बसतात. 'अमुक घडलं की तमुक करायचं' अशी यादी शांततेच्या काळातच तयार ठेवलेली असते. गोची इथेच होते. घटना घडते, नोंद होते आणि ठरलेली कृती पुढे ढकलली जाते. लिबियातल्या बेनगाझीत अमेरिकी कार्यालयावर २०१२ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतरच्या चौकशी अहवालाने नेमका हाच दोष दाखवला होता.

फाटकाच्या बाहेरची जबाबदारी यजमान देशाची. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ दूतावासाच्या वास्तूचं रक्षण हे यजमान देशाचं खास कर्तव्य ठरवतं. म्हणून बैठकीनंतरचा फोन स्थानिक पोलिसांना जातो: गल्ली बंद करा, पार्किंग हटवा, सशस्त्र माणसं वाढवा. हे मागण्याचं कारण अंतर. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, म्हणून १९९९ च्या अमेरिकी कायद्यात नवीन इमारत हद्दीपासून निदान १०० फूट, म्हणजे साधारण ३० मीटर आत असावी अशी अट होती. शहराच्या मध्यातल्या जुन्या इमारतीला ते अंतर एका रात्रीत मिळत नाही. रस्ता बंद करून जेवढं मिळेल तेवढं.

फाटकावर गाडीचं इंजिन बंद, बॉनेट आणि डिकी उघडी, खालून आरसा. दोन अडथळ्यांच्या मधे एका वेळी एकच गाडी. पाहुण्यांच्या गाड्या बाहेरच. जुलै २००८ मध्ये काबूलच्या भारतीय दूतावासावर आत्मघाती हल्ला झाला तो अधिकाऱ्यांची गाडी फाटकातून आत जात असतानाच. त्यामुळे आपली गाडी येण्याआधी रेडिओवर कळवणं आणि तिला फाटकाशी ताटकळत न ठेवणं यावर सुरक्षेवाले इतका जोर देतात.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे व्हिसाची रांग. तपासणी कडक केली की रांग लांबते, आणि धोका आतून उचलून फुटपाथवर ठेवला जातो. म्हणून शहाणा दूतावास आधी भेटीच्या वेळा कमी करतो, मग तपासणी वाढवतो. व्हिसा थांबतो, हरवलेल्या पासपोर्टसारखी स्वतःच्या नागरिकांची तातडीची कामं चालू राहतात.

आतल्या लोकांसाठी एक सराव पुन्हा पुन्हा घेतला जातो: आवाज आला की खिडकीपासून लांब, खाली वाका. ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबीच्या अमेरिकी दूतावासाशी मुख्य स्फोटाच्या आधी हल्लेखोराने ग्रेनेड फेकला. काय झालं ते बघायला लोक खिडक्यांशी गेले आणि मग स्फोटकांनी भरलेला ट्रक उडाला. काचांनी कित्येकांचे चेहरे आणि डोळे गेले. खिडक्यांवरची फिल्म काचेचे तुकडे धरून ठेवते, पण काचेला नाक लावून उभ्या असलेल्याला ती वाचवत नाही.

कर्मचाऱ्यांना येण्याजाण्याचे रस्ते आणि वेळा बदलायला सांगतात. यात मेख अशी की घर आणि कार्यालय ही दोन टोकं बदलत नाहीत. धोका टिकला तर कुटुंबं आणि बिनगरजेचे कर्मचारी हलवले जातात: आधी 'हवं तर जा', मग 'जायलाच हवं'. अमेरिकी पद्धतीत ही अवस्था जास्तीत जास्त १८० दिवस चालते. त्यानंतर एकतर माणसं परततात किंवा ते ठिकाण कुटुंबाविना नेमणुकीचं ठरतं. स्थानिक कर्मचारी मात्र सहसा तिथेच राहतात, आणि बऱ्याच दूतावासांत संख्येने तेच जास्त असतात. हे मला नेहमी खटकतं.

गुप्त कागद आधीच कमी केले जातात. १९७९ मध्ये तेहरानचा अमेरिकी दूतावास ताब्यात घेतल्यावर इराण्यांनी तिथल्या कागद कातरण्याच्या यंत्रातून निघालेल्या पट्ट्या जुळवून पुन्हा वाचल्या होत्या.

नागरिकांना काय सांगायचं याचा नियमही महागात शिकलेला आहे. डिसेंबर १९८८ मध्ये अमेरिकी विमानावर बॉम्ब ठेवला जाईल असा फोन हेलसिंकीच्या अमेरिकी दूतावासाला आला. मॉस्कोच्या अमेरिकी दूतावासात त्याची सूचना लागली, सामान्य प्रवाशांना कळलं नाही. २१ तारखेला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान फुटलं, २७० माणसं गेली. फोनचा स्फोटाशी संबंध नव्हता असं तपासात ठरलं, पण तेव्हापासूनचा अमेरिकी नियम असा: धोक्याची जी इशारावजा माहिती कर्मचाऱ्यांना देता, ती नागरिकांनाही द्या.

तुम्ही परदेशात असाल तर दूतावासाकडे नाव आणि चालू फोन नंबर नोंदवा, स्थानिक सिम घेतलं की तो बदला. इशारा आला म्हणून दूतावासाकडे धावू नका. तिथे सगळ्यांना आसरा देण्याची सोय नसते, आणि त्या दिवशी ती जागाच निशाण्यावर असू शकते.

पातळी खाली यायला वेळ लागतो आणि तोवर रक्षक थकतात. काही आठवडे झाले की आरसा गाडीखाली सवयीने फिरतो, नजर दुसरीकडे असते. उपाय साधा आहे: पाळ्या लहान ठेवा, जागा फिरत्या ठेवा, आणि मधूनच स्वतःच्याच गाडीखाली खोटं पुडकं बांधून ते पकडलं जातं का बघा.