वाचक विचारतात : बॉम जीझसच्या भिंती लाल का?

प्रश्न : जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र, मग समोरचं बॉम जीझस चर्चच तेवढं लाल का? ते मुळातच असं होतं का? आणि तिथली सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी इतक्या उंचावर आहे की खालून काही दिसत नाही. ते सगळं काम एकाच काळातलं आहे का?

उत्तर : आधी रंगाचं. २४ नोव्हेंबर १५९४ला पायाभरणी झाली आणि १५ मे १६०५ला चर्च पूजेसाठी खुलं झालं, तेव्हा ते लाल दिसत नव्हतं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आणि वर चुन्याचा गिलावा. १९५०च्या आसपास पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्तझार कास्त्रो यांनी तो काढून टाकला. वास्तू अधिक पुरातन वाटावी, हा त्यामागचा विचार. म्हणजे आज जे सर्वांत जुनं वाटतं, ते खरं तर सत्तरेक वर्षांचं आहे!

चिरा सच्छिद्र असतो. गिलावा असला की पाऊस आधी चुन्यावर पडतो. चुना झिजतो आणि काही वर्षांनी नवा लावता येतो. उघडा चिरा मात्र पाणी पितो, सुकताना आतले क्षार पृष्ठभागावर येतात आणि दगडाचा चुरा होऊन गळतो. सिमेंटचा गिलावा हा त्यावरचा उपाय नव्हे. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग दगड आतून कुजतो. २०२० मध्ये चर्चच्या तत्कालीन रेक्टरांनीही (प्रमुख धर्मगुरूंनीही) पुन्हा गिलावा करण्याची मागणी केली होती. आमच्या मते ती रास्तच आहे, फोटो कमी देखणे आले तरी! दर्शनी भागावरचं कोरीवकाम टिकून आहे, कारण तो दगड वेगळा : वसईहून आणलेला काळा बसाल्ट.

आता कबर. हे चर्च झेवियरसाठी बांधलेलंच नाही. ते बाळ येशूचं. झेवियर ३ डिसेंबर १५५२ला चीनजवळच्या सांचियान बेटावर वारले. देह मलाक्कामार्गे मार्च १५५४ मध्ये गोव्यात आला, सेंट पॉल कॉलेजात राहिला आणि १६२४ला इथे हलवला. त्यात उजवा हात नाही. तो १६१४ला कोपरापासून कापून रोमला पाठवला.

वरची चांदीची पेटी १६३६-३७ची, गोव्याच्याच सोनारांची. तिच्यावर संताच्या आयुष्यातले ३२ प्रसंग उठवलेत. खालचा संगमरवर आणि जास्पर या रंगीत दगडाचा चौथरा मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याला संताच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली, त्याची ही परतफेड. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोजिनी याचं काम सुटे भाग करून जहाजाने आलं आणि १६९८ला इथे जोडलं गेलं. चारही बाजूंना ब्राँझचे फलक आहेत.

वेदीकडे तोंड करून उभे राहिलात की कबर उजव्या हाताला. छोटी दुर्बीण नेलीत तर चांदीवरचे प्रसंग ओळखू येतील. देहाचं जवळून दर्शन मात्र दर दहा वर्षांनी, से कॅथेड्रलमध्ये. मागचं शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं.