वाचकांचे प्रश्न : आगीनंतर घराचा विमा

प्रश्न : आमचे चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे घर गेल्या आठवड्यात आगीत अर्धे जळाले. फ्रिजमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली, असे वायरमनचे मत आहे. यजमानांच्या नावे 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची पॉलिसी आहे, पण तिचे कागद जळाले आणि घरपट्टी अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावे येते. सर्वेक्षक (नुकसानीची पाहणी करणारा) येईपर्यंत काही हलवू नका, असे कंपनी सांगते. पाऊस मात्र तोंडावर आला आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, आधी घर झाका. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाचीच जबाबदारी असते, त्यामुळे ताडपत्री घालण्याने तुमचा दावा बिघडत नाही; बिघडतो तो राख आणि जळके वासे फेकून दिल्याने. प्रत्येक खोलीची छायाचित्रे व चित्रफीत काढा, ताडपत्री घालत असल्याचे कंपनीला ई-मेलने कळवा, तिची व मजुरीची पावती ठेवा आणि जळका माल अंगणात एका बाजूला झाकून ठेवा. उभ्या राहिलेल्या भिंतींखाली मात्र अभियंत्याने पाहिल्याशिवाय कोणी वावरू नये.

पॉलिसीची प्रत कंपनीकडून पुन्हा मिळते. त्यासाठी नोंदवलेला मोबाईल क्रमांक आणि हप्ता वळता झाल्याची पासबुकातील नोंद उपयोगी पडते. पोलीस व तलाठी यांच्या पंचनाम्यांच्या प्रती आणि अग्निशमन दल आले असल्यास त्यांचा दाखला घ्या. आग ही शासनाच्या आपत्ती निकषांतही येते, म्हणून तहसील कार्यालयात मदतीचा अर्ज वेगळा करावा.

वायरमनच्या मतामुळे धीर सोडू नका. ज्या उपकरणात शॉर्टसर्किट झाले त्या उपकरणाचे नुकसान पॉलिसीतून वगळलेले असते, परंतु तेथून पसरलेल्या आगीने जे जळाले ते वगळलेले नसते. फ्रिजची किंमत मिळणार नाही; माजघर, पडवी आणि माळा यांचा दावा उभा राहतो. 'शॉर्टसर्किट म्हणून दावा नाही' असे कोणी तोंडी सांगितले, तर ते लेखी मागावे.

घरपट्टीवरील नाव हा कोकणात नेहमीचा अडसर आहे. यजमानांचा घरातील हक्क दाखवण्यासाठी सासऱ्यांचा मृत्यूदाखला, वारस नोंदीचा अर्ज आणि दीर-नणंदांची संमतीपत्रे आताच जमवा. भाऊबंद मुंबईला असतील तर हे काम लांबते. घरावर कर्ज असल्यास रक्कम आधी बँकेकडे जाते, हेही ध्यानात ठेवा.

इमारतीचा विमा घेतला की सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, संरक्षण आपोआप मिळते. त्यासाठी खोलीनिहाय यादी करा. पावत्या नसल्यास लग्नकार्यातील जुनी छायाचित्रेही वस्तू घरात होत्या हे दाखवतात. रोख रक्कम यात येत नाही आणि दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या या पॉलिसीत विमा रक्कम घराच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी होती म्हणून दाव्यातून त्या प्रमाणात कपात होत नाही. घर जुने असल्याचे सांगून घसारा (वापराने घटलेली किंमत) वजा केला, तर कोणत्या कलमानुसार, हे जरूर विचारा.

विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या निर्देशांनुसार सर्वेक्षक २४ तासांत नेमायचा, अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि पुढील ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तसे न झाल्यास कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येते; तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. देऊ केलेली रक्कम कमी वाटली, तर पावतीवर 'हरकत राखून' असे लिहूनच सही करा.

प्रश्न : कपाटातील नोटा अर्धवट जळल्या आहेत. बँक घेईल का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : फारच जळालेल्या, हात लावताच तुटणाऱ्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात (इश्यू ऑफिस) द्याव्या लागतात. तोवर चिकटलेल्या नोटा सोडवू नका, कापूस घातलेल्या डब्यात जशाच्या तशा ठेवा.